नुसतं ‘हं’

“हं,” ती म्हणाली आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. घुमटाखाली उभे असलेले पाहुणे अजून माना वर करूनच होते; एकाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. वर बघायला तिनेच त्यांना सांगितलं होतं. घुमटाच्या चार कोपऱ्यांत चुन्यात घडवलेल्या चार बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत पानाफुलांच्या इतक्या वेली, की बघणाऱ्याने सुरुवात कुठून करावी तेच कळू नये. ही तराजूवाली न्याय, ही आरसेवाली सत्य, ही मूल कडेवर घेतलेली दया, असं तिचं सांगून झालं होतं आणि चौथीकडे बोट नेता नेता फोन वाजला होता. रुग्णालयातून धाकट्या भावाचा फोन. “ताई, डॉक्टर बाहेर आलेत. थोडं कापून भागणार नाही म्हणतात, गाठ आत पसरलीय. स्वरयंत्र अख्खं काढावं लागेल, आणि ते आत्ताच. काढलं तर बाबा वाचतील, पण आवाज कायमचा जाईल. बाबांची सही थोड्याचीच आहे ना, म्हणून घरच्या कुणाचीतरी हवी म्हणतात. करू ना सही?” त्यावर ती ‘हं’ म्हणाली होती. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, ‘थांब, मी येते’ नाही. नुसतं ‘हं’. “तर ही चौथी,” ती आता पाहुण्यांना सांगू लागली, “ओठांवर बोट ठेवलेली. हिचं नाव मौन. अशिलाचं गुपित वकिलाने पोटात ठेवावं म्हणून हिला इथे बसवलंय. मुलं हिला गप्पबाई म्हणतात.” पाहुणे हसले. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं, आणि मग त्या नवलाचीच थोडी लाज वाटली.

विधी विभागाची ही जुनी इमारत बाहेरून आलेल्या माणसांना दाखवायची झाली, की तिलाच बोलावणं यायचं. ती इथेच शिकली आणि इथेच शिकवायला लागली. करारांचा कायदा शिकवत शिकवत तिचे केस पांढरे झाले. त्यातही तिचा विषय संमती. माणूस हो म्हणतो म्हणजे नेमकं काय करतो, कधी म्हणतो, धाकाने म्हणतो की समजून म्हणतो, यावर तिने एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, आणि ते वाचून किंवा न वाचता मुलांनी तिचं नाव संमतीबाई ठेवलं होतं. पण पाहुण्यांना ती आवडायची ती इमारतीमुळे. कुठल्या खांबावरचं कुठलं पान कुणी घडवलं, कुठल्या खिडकीतला काचेचा तुकडा नंतर बदलला, हे तिला तोंडपाठ होतं. विभागप्रमुख आठवड्यापूर्वी म्हणाले होते, “मॅडम, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?” आणि ती खुलली होती. मग बाबांच्या शस्त्रक्रियेचा दिवस अलीकडे आला तो नेमका आजचा. ती पाहुण्यांना नाही म्हणू शकली असती. धाकट्याला तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, “अगं, तू इथे येऊन करणार काय? बाकावर बसायचंच काम आहे. ते मी करतो.” तिला जे हवं होतं तेच तो बोलला होता, आणि तिने ते जराही न ओढता, न ताणता मान्य करून टाकलं. सकाळी घरातून निघताना तिने चांगले बूट घातले, आणि ते घालताना क्षणभर वाटलं, आजच्या दिवशी हे बूट कशाला. तरी घातलेच.

“या खांबांना हात लावून बघा,” ती म्हणाली. पाहुण्यांनी आज्ञाधारकपणे खांबांना हात लावले. हिरवट, पांढऱ्या शिरा असलेले गुळगुळीत खांब, घुमटाभोवती गोल उभे. “संगमरवर हाताला गार लागतो. हा लागतोय का गार?” नाही, नव्हता लागत. “हा संगमरवर नाहीच मुळी. गिलावा आहे. चुन्यात रंग कालवून, थर देऊन, घासूनघासून आणलेली झिलई. बांधताना पैसे कमी पडले असं नका समजू; त्या काळी हे काम दगडापेक्षा महाग होतं.” ही तिची ठरलेली गंमत होती, आणि या जागी लोक नेहमी हसत, एकमेकांकडे बघत, पुन्हा हात लावून पाहत. यांनीही तसंच केलं. तिने स्वतःही एका खांबाला तळवा लावला आणि तसाच ठेवला. आत्ता फोन करता येईल, तिला वाटलं. आत्ता केला तर धाकट्याने कदाचित अजून पेन हातात धरलेला असेल. त्याला कागद वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरून वाचतो तो. आत्ता केला तर डॉक्टर अजून दारात असतील. पण पाहुणे खांब सोडून जिन्याकडे वळले होते आणि त्यांच्या पुढे जायला हवं होतं. जिन्यापाशी करू, ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

बाबा लिलाव पुकारायचे. मोडलेल्या संसारांचं, बंद झालेल्या दुकानांचं, परगावी गेलेल्यांचं सामान एका लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये यायचं आणि आठवड्याच्या ठरल्या दिवशी बाबा एका उंच स्टुलावर चढून ते विकायचे. कपाटं, आरसे, शिवणयंत्रं, एकदा तर न्हाव्याची फिरती खुर्ची. आवाज असा, की शेडच्या मागच्या रस्त्यावरून जाणारी माणसं आपलंच काहीतरी विकलं जातंय असं वाटून थांबायची. ‘एकवार, दोनवार’ म्हणताना आवाज चढत जायचा आणि ‘तीनवार’ला असा खाली यायचा, की लाकडी हातोडा आपटायची गरजच नसायची, तरी ते आपटायचे, कारण त्यांना आपटायला आवडायचं. बाबांना स्वतःचा आवाज फार आवडायचा. घरीसुद्धा ते साधं मीठ मागत नसत, पुकारत. आणि त्यांच्या शेडचा एक कायदा होता, तो फक्त तिथेच चालायचा: बोली लावायला बोट वर करा, मान हलवा, नाहीतर नुसतं ‘हं’ म्हणा, चालेल. ‘हं’ धरलं जाई. एकदा एक बुजरा माणूस एका प्रचंड कपाटाच्या आरशात स्वतःचा भांग बघत होता. बघता बघता त्याच्या तोंडून ‘हं’ निघालं, भांग जमला नाही म्हणून असेल, आणि बाबांनी तिथल्या तिथे हातोडा मारला. कपाट त्याच्या गळ्यात. ते त्याच्या जिन्यात शिरेना म्हणून तो दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येऊन दारात उभा राहिला. ती तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती आणि नवं शस्त्र हातात आल्यासारखी बाबांवर धावून गेली. “बाबा, ही संमती नाही! त्याच्या मनात घ्यायचं नव्हतंच!” बाबा म्हणाले, “मग तोंड कशाला उघडलं? नको असेल त्याने नको म्हणावं. नको म्हणायला कर पडतो काय?” शेवटी कपाट परत घेतलं त्यांनी, वर त्या माणसाला गप्पा मारत तासभर बसवून घेतलं, पण कायदा काही बदलला नाही. पुढे तिने पुस्तक लिहिलं तेव्हा लिलावाच्या प्रकरणात नाव न घेता तो भांगवाला घातला, आणि तो करार पोकळ कसा ते सविस्तर दाखवलं. बाबांनी ते पान मोठ्याने वाचून काढलं, दोनदा.

जिना चढताना भिंतीवरच्या दगडी कमानींतून कोरलेली डोकी बाहेर आलेली आहेत. पाहुण्यांना ती फार आवडली. वकिलांची, न्यायाधीशांची, फिर्यादींची डोकी. घडवणाऱ्यांनी कुणाच्या तरी ओळखीच्या चेहऱ्यांवरून केली असावीत, कारण एकही चेहरा देखणा नाही. एकाची दाढ दुखतेय, एकाला झोप आलीय, एक शेजारच्याच्या कानात काहीतरी लावालावी करतोय. आणि शेवटचा जीभ बाहेर काढलेला. “हा जिभल्या,” ती म्हणाली. “तोंडी परीक्षेच्या आधी मुलं याच्या जिभेला हात लावून जातात. म्हणजे आपली चालावी. म्हणून ती झिजलीय बघा.” काठी टेकत चालणाऱ्या एक वयस्क पाहुण्या बाई, निवृत्त न्यायाधीश, मागे थांबल्या होत्या. त्यांनी जिभल्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. “तुमचं काही अडलंय का हो? मघाशी फोन आल्यापासून तुम्ही पिशवी अशी छातीशी धरलीय.” “नाही नाही, घरचाच होता,” ती म्हणाली. “सगळं ठीक?” “हो, तसं ठीकच.” बाईंनी मान डोलावली आणि काठी पुढच्या पायरीवर टेकली. तिने पिशवी खाली सोडली. सांगितलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, अहो मग इथे काय करताय, जा. आणि मग जावं लागलं असतं.

कारण बाबांनी स्वतःच ‘नाही’ म्हटलेलं होतं, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात ती बाबांकडे गेली होती. धाकटा मागच्या खोलीत एका जुन्या टेबलाला पॉलिश मारत बसला होता. शेड बंद झाल्यापासून तो हेच करतो, आणि त्याच्या बोटांना, त्याच्या शर्टांना, त्याच्या पोरांच्या वह्यांनासुद्धा त्या पॉलिशचा वास असतो. बाबा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. घसा इतका बसलेला, की एकेक शब्द फरशीवरून खुर्ची ओढावी तसा निघत होता. “डॉक्टरला सांगितलंय,” ते म्हणाले, “थोडंच कापायचं. तेवढ्याचीच सही दिलीय. पण ते आत शिरले की त्यांचा हात थांबत नाही. अख्खं काढायचं म्हणाले तर तू नाही म्हण. शिवून टाका म्हणावं आणि घरी पाठवा. जेवढे दिवस मिळतील तेवढे मिळतील.” ती म्हणाली, “बाबा, असं काय बोलता?” ते म्हणाले, “मला मुकं होऊन जगायचं नाही. तुझ्या भावाला सांगू नको, तो रडेल आणि पॉलिश बिघडवेल. तुला कायदा कळतो. तू नाही म्हण.” “बघू,” ती म्हणाली. तिने किटलीत पाणी भरलं आणि किटलीकडे बघत उभी राहिली. धाकट्याला तिने खरंच सांगितलं नाही. शुद्धीवर असलेल्या, समजत्या माणसाने नाही म्हटलं तर जगातल्या कुठल्याही नातेवाइकाला त्याच्या वतीने हो म्हणता येत नाही, हे ती वर्षानुवर्षं फळ्याकडे पाठ करून, टाचण न बघता सांगत आली होती. त्यातला एक प्रश्न तर दर परीक्षेत असायचाच आणि मुलांना तो फुकटचा वाटायचा.

ग्रंथालयाच्या छतावर लाकडी चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत सोनेरी फूल. सोनं खरं आहे, पातळ वर्खाचं. पाहुणे इथे नेहमी कुजबुजत बोलतात, कुणी सांगितलं नसताना. तीही कुजबुजत सांगत होती आणि आतल्या आत दुसरंच चाललं होतं. घुमटाखाली आवाज फिरतो, ती स्वतःला समजावत होती. तिथे नीट ऐकू येत नाही. शब्दावर शब्द चढतात. मला ‘स्वरयंत्र’ ऐकू आलं, ‘सही’ ऐकू आलं, मधलं गेलं. मी ‘हं’ म्हटलं ते ऐकतेय, बोल, या अर्थाचं. अर्धा गाव फोनवर तसं ‘हं’ म्हणतो. पुढे तो काय म्हणतो ते ऐकायच्या आत फोन बंद झाला. पण फोन तिनेच बंद केला होता. आणि ऐकू तर लख्ख आलं होतं. धाकट्याचा ‘करू ना’मधला तो लहानपणापासूनचा ‘ना’सुद्धा ऐकू आला होता, पतंगाच्या मागे छपरावर जाऊ ना, तुझा पेन घेऊ ना. ऐकून, समजून, तोलून, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं सगळं करून ती ‘हं’ म्हणाली होती. हो म्हटलं असतं तर बाबांचा शब्द तिने मोडला असता. नाही म्हटलं असतं तर बाबांचा जीव तिने घेतला असता. ‘हं’ म्हटल्याने दोन्हीतलं काहीच तिने केलं नव्हतं. जे काय व्हायचं ते धाकट्याच्या सहीने होणार होतं. तिला वाटलं, ‘हं’ म्हणणाऱ्याला हवं असतंच, फक्त आपण मागितलं असं कुठे दिसायला नको असतं. हे वाक्य पुस्तकात नव्हतं. तिने मान वर करून एक सोनेरी फूल उगाचच डोळे बारीक करून बघितलं. शेजारच्या पाहुण्यालाही तिथे काहीतरी आहे असं वाटलं आणि तोही बघू लागला.

आणि तिला काय हवं होतं? बाबा जगायला हवे होते. एवढंच असतं तर तिने फोनवर ठणकावून हो म्हटलं असतं, मागाहून बाबांच्या पाया पडली असती, शिव्या खाल्ल्या असत्या. पण बाबांना शिव्या देता येणार नव्हत्या, आणि नेमकं तेच, अगदी त्या ‘हं’च्या आधीच्या श्वासात, तिच्या मनात येऊन गेलं होतं: घर शांत होईल. ती दचकली होती त्या विचाराला. तो कुठून आला ते तिला माहीत होतं. पदवीदानाच्या दिवशी बाबा आले होते या इमारतीत, पहिल्यांदाच, शेडमधलाच कोट घालून. बाकीच्यांचे आईबाप कडेकडेने उभे होते, टाचा न वाजवता चालत होते. बाबांनी घुमटाखाली जाऊन वर बघितलं, दोन पावलं मागे गेले आणि एकदम पुकारलं, “एकवार!” आवाज वर गेला, फिरला, खाली आला, पुन्हा वर गेला. काळ्या झग्यातली सगळी माणसं वळली. बाबा खूश. “काय घुमतंय गं! दोनवार!” ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. तिने झगा सावरला आणि जणू आपण दुसऱ्याच कुणाबरोबर आलोय अशा चालीने जिन्याकडे निघून गेली. ‘तीनवार’ तिने जिन्यावरून ऐकलं. बाबा नंतर काही बोलले नाहीत, त्यांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. घरी गेल्यावर महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते घुमटाचंच सांगत होते. पुढेसुद्धा तिच्या सहकाऱ्यांसमोर, लग्नात, बारशात, तिला तो आवाज आधी ऐकू यायचा आणि ती घाईने दुसऱ्याच कुणाशीतरी बोलायला लागायची. आता तो येणार नाही. हे तिला हवं होतं, किंवा हवं नव्हतं असं तिला शपथेवर सांगता येत नव्हतं. तिचे कान तापले. तिने पाहुण्यांना पुढच्या दाराकडे हात केला.

पुढे ती खोली होती जिथे मुलं खोटे खटले चालवतात. खऱ्यासारखाच उंच चौथरा, साक्षीदाराचा लाकडी पिंजरा, भिंतीवर द्राक्षांच्या वेली कोरलेलं लाकूड. पाहुण्यांना पिंजऱ्यात उभं राहून फोटो काढून घ्यायचे होते. ते एकमेकांना ढकलत, हसत आत शिरत होते, काठीवाल्या बाईंना न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवत होते. तिने तेवढ्यात बाहेर येऊन फोन काढला. वाजत राहिला. ती भिंतीवरच्या रंगीत फरश्यांची नक्षी बघत राहिली, निळी, पिवळी, पुन्हा निळी. धाकट्याने उचलला. “छोट्या, ऐक,” ती म्हणाली. “बोल ताई.” “ते सहीचं…” “केली गं. केव्हाच केली. तू हं म्हणालीस ना, तशी लगेच केली. दार लावून घेतलं त्यांनी, काम सुरू असेल आता.” मागे कुठेतरी चाकांचा आवाज येत होता. बाबा नको म्हणाले होते, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. दार ठोक, डॉक्टरांना थांबव, मी सांगते त्यांना. अजूनही सांगता आलं असतं. दार लावणं म्हणजे काही कापणं नव्हे. धाकटा म्हणाला, “ताई, बरोबर केलं ना मी?” ती म्हणाली, “बरं केलंस.” आपण ‘केलंस’ म्हणालो, ‘केलं आपण’ नाही, हे तिला फोन ठेवायच्या आधीच कळलं. आतून तिला हाका मारत होते, सगळ्यांचा मिळून एक फोटो हवा होता. ती गेली आणि मधे उभी राहिली. तो फोटो नंतर विभागाच्या फलकावर लागला. त्यात ती हसताना दिसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना खिडकीजवळच्या खाटेवर आणलं. गळ्याला पट्ट्या, पट्ट्यांच्या मधे भोक, भोकात नळी. श्वास नळीतून जात-येत होता आणि त्याचा एक बारीक, ओला आवाज होत होता, तेवढाच. चेहरा तोच होता, पण एखाद्या ओळखीच्या घरातलं सामान हलवल्यासारखा. धाकटा खाटेच्या एका बाजूला, ती दुसऱ्या. परिचारिकेने एक पांढरी पाटी आणि जाड निळा पेन बाबांच्या हातात दिला. “काय हवं ते लिहायचं, आजोबा. घाई करायची नाही.” बाबांनी पाटी गुडघ्यावर टेकवली, धाकट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: कोणी?

धाकट्याला लगेच कळलं. तो खुर्चीतून उठला. “मी, बाबा,” तो म्हणाला. “सही मी केली.” ताईला विचारून, असं तो म्हणाला नाही. ती वाट बघत होती तो म्हणेल म्हणून; म्हणाला असता तर तिला मान हलवता आली असती. पण तो छाती पुढे काढून उभा होता, सगळं अंगावर घेऊन, पॉलिशने पिवळी झालेली बोटं एकमेकांत अडकवून. “तुम्ही हवे होतात आम्हाला. रागवा हवं तर.” बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान भिंतीकडे वळवली. धाकट्याने त्यांच्या पायावर हात ठेवला तर पाय आखडून घेतला. दारातून परिचारिकेने औषधांच्या चिठ्ठीसाठी हाक मारली तेव्हा तो सुटका झाल्यासारखा गेला.

तो गेल्यावर बाबांनी मान वळवली. तिचा हात शोधला, धरला, तळव्याने थोपटला. लहानपणी लिलाव चांगला झाला की थोपटत तसा. मग हात सोडून पाटीवरचं पुसलं आणि लिहायला लागले, थांबत, श्वास घेत. पाटी तिच्याकडे वळवली. ‘तू असतीस तर होऊ दिलं नसतंस. त्याला काय कळतंय.’ ती वाचत होती आणि बाबा तिचा चेहरा वाचत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या डोळ्यांत तिच्याबद्दल फक्त माया होती. बाबा, तो मला विचारत होता. मी उत्तर दिलं. एवढंच तर बोलायचं होतं. खोलीत कुणी नव्हतं, घसा तिचा शाबूत होता. व्हरांड्यात धाकट्याची पावलं वाजली. तिने पाटी बाबांच्या गुडघ्यावरून उचलली आणि तळव्याने झरझर पुसून टाकली. पोराने हे वाचायला नको, ती स्वतःशी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

धाकटा दारात थांबला. तिच्या निळ्या झालेल्या तळव्याकडे त्याने बघितलं. “काय लिहिलं होतं बाबांनी?” त्याने भीतभीत विचारलं. “माझ्याबद्दल?”

“हो,” ती म्हणाली. “छोट्या जेवला का, म्हणून विचारत होते.”

धाकट्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तो खाटेशी येऊन गुडघ्यांवर बसला आणि बाबांच्या चादरीत डोकं खुपसून रडू लागला. “जेवलो बाबा,” तो म्हणत होता, “जेवलो, जेवलो.” बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. माया विरत गेलेली तिने डोळ्यांदेखत पाहिली; आधी गोंधळ आला, मग नजर तिच्या निळ्या तळव्यावर गेली, आणि मग त्यांना कळलं, छोट्याने सहीआधी कुणाला विचारलं असेल ते. त्यांनी तोंड उघडलं, पूर्ण, पुकारायला उघडत तसं, मानेच्या शिरा वर आल्या, आणि नळीतून नुसता वारा बाहेर पडला. त्यांनी पाटीसाठी हात पुढे केला. पाटी तिच्या मांडीवर होती. ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.